लाव्यांच्या खाण्यातलं लाल तेल

वालेन्सा, बाहिया
८ मे १९८८

बाई हात्सुए,

जिवंत आहेस ना? ईस्टरनंतर तुझं एकच पत्र आलं, आणि त्यातही अर्धं लाव्यांचं रडगाणं. थंडी पडायला लागली, अंडी आटली, नुसत्या पिंजऱ्यात बसून खातात. अगं, नुसते बसून खाणारे दोन भाऊ माझ्या घरात आहेत, त्यांच्यावर मी कधी चार पानं लिहिली का?

माझा मावसभाऊ जेनिवाल साओ पाउलोच्या बसवर ड्रायव्हर आहे, त्याच्या हाती एक डबा पाठवते आहे. देंदे आहे. आमच्याकडच्या तेलताडाच्या फळांचं लाल तेल, या हंगामातलं पहिलं, घाण्यावर उभं राहून काढून घेतलेलं. दहा वर्षं तुझ्या शेडमध्ये तुझ्या शेजारी बसून अंडी पुसली, पण तुझ्या स्वयंपाकाचा रंग काही मला बदलता आला नाही. पांढरा भात, पांढरा मुळा, पांढरं ते सोयाचं पनीर! माणसं जेवतात की आजारी पडलेत, कळत नाही. या तेलात एक मासा शिजव आणि तुझ्या नवऱ्याला, शिगेओंना वाढ. नाही गाणं म्हणायला लागले तर माझं नाव राइल्डा नाही.

आता खरी बातमी. माझी पोरगी, तुझी धर्मकन्या जुसारा प्रेमात पडली आहे. बाप्तिस्म्याला तू तिला हातात धरलं होतंस तेव्हा तुझ्या अंगावर शू केली होती ना, तीच ही. मुलगा एव्हराल्दो, होड्या बांधतो, हात सोन्याचे, बोलणं बेताचं. सगळं दृष्ट लागण्यासारखं. फक्त त्याची आई, दोना आमेरिना, मला बघितलं की रुमाल नाकाला लावते. मी चौकात चवळीचे वडे तळते, देंदेत तळते, त्याचा वास माझ्या केसांना येणारच की! तो काय गुलाबाचा येणार?

पुढचं काय होतं ते कळवीन. लाव्यांना माझा राम राम.

तुझी,
राइल्डा


बास्तोस, साओ पाउलो
२ जून

प्रिय राइल्डा,

इकडे जून म्हणजे हिवाळा, सकाळी गवतावर पांढरं हिव पडतं. लोकरीचे मोजे घालून शेडमध्ये जाते. तुमच्याकडे समुद्राचा उबदार वारा असेल. सगळे बरे असाल अशी आशा करते.

डबा नीट पोचला. जेनिवालने तो वाटभर मांडीवर ठेवला होता, त्याच्या विजारीवर लाल गोल उमटला आहे, तो तेलाचाच आहे असं बायकोला सांग म्हणाला. तेल फार सुरेख आहे. आम्ही रोज घेतो. भातावर घेतो, भाजीत घेतो. डबा संपतसुद्धा आला. एवढी तसदी तू घ्यायला नको होतीस, आणि आता पुन्हा मुळीच घेऊ नकोस.

लाव्यांचं विचारलंस म्हणून सांगते. सहकारी संघाचा नेल्सन येऊन बघून गेला. तो म्हणाला, थंडीत या एवढ्याशा जिवांची सगळी ताकद अंग गरम ठेवण्यात जाते, अंड्याला उरतच नाही. खाद्यात वनस्पतीचं तेल घाला, शंभर किलोला दोन किंवा तीन किलो, जास्त नाही. सोयाचं तेल चांगलं, असं त्याने सुचवलं. मी आपलं पहिल्या दिवशी अंदाजाने ओतलं. विचारू नकोस! खाद्याचे लाडू झाले, ते चोचींना चिकटले, आणि दुसऱ्या दिवशी लावी हातात धरावी तर साबणासारखी निसटायची. एक उडून पिंजऱ्याच्या छताला डोकं आपटून परत जागेवर बसली आणि माझ्याकडे असं बघायला लागली, की चूक माझीच.

मग तराजू घेतला. आता खाद्याची धूळ उडत नाही, लाव्या ताटली चाटूनपुसून साफ करतात, आणि दुपार कलली की जाळीच्या उतारावरून अंडी टकटक घरंगळत येतात. तो आवाज ऐकून शिगेओ म्हणाले, "चला, घरात कुणाला तरी मानवलं." ते अलीकडे फार विनोद करतात.

जुसाराचं वाचून मला झोप लागली नाही. मुलाची आई कशाने राजी होईल ते नीट विचार. धर्ममाता म्हणून माझ्याकडून जे लागेल ते कर म्हणून सांग, संकोच करू नकोस.

तुझी,
हात्सुए


वालेन्सा
२१ जून

हात्सुए, अगं माझे राणी,

रोज घेता? भातावर? मी पत्र मोठ्याने वाचलं आणि चौकात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवलं. बास्तोसची जपानी माणसं माझ्या तेलावर जगतात! जेनिवालकडे आणखी दोन डबे दिलेत. नको म्हणू नकोस, तुझं 'नको' मला शेडमधल्या दिवसांपासून माहीत आहे, उपाशी असलीस तरी तू आधी तीनदा नकोच म्हणतेस.

आता ऐक, पाणी गळ्यापर्यंत आलंय.

दोना आमेरिना आमच्या दारात आली होती, उंबऱ्याच्या बाहेर उभी. ती ओशालाची, आमच्या आफ्रिकन देवांतल्या थोरल्या शुभ्र देवाची भक्त आहे. मी यान्सांची, वादळवाऱ्याच्या देवीची, आमच्या देवीला देंदे प्रिय. तिच्या देवाला देंदे वर्ज्य. ती पांढरं घालते, पांढरं खाते, आणि देंदेचा थेंब तिच्या जिभेला चालत नाही. तिचं व्रत आहे, त्याची मी चेष्टा करत नाही, देवाच्या गोष्टीत मी बोलत नाही. पण ती म्हणते कशी, "राइल्डा, पोरीत काही खोट नाही. पण माझा मुलगा रविवारी तुझ्याकडे जेवणार, उद्या नातवंडं तुझ्याकडे जेवणार, मी तुझ्याकडे जेवणार. तुझ्या घरात देंदेशिवाय एक ताट वाढता येतं का, ते मला बघायचंय. चोवीस जुलैला येते. तसं जेवण जेवले तर हो म्हणेन. नाहीतर एव्हराल्दोने दुसरं घर बघावं."

जुसारा आत उभी राहून नखं खात होती. एव्हराल्दो तिच्यावर जीव टाकतो, पण आईच्या शब्दाबाहेर तो जाणार नाही, आणि गेला तर मला तो जावई नको.

बाई, माझ्या घरात मिठाला देंदेचा वास येतो! नवी मडकी आणणार आहे. भिंतींना चुना देणार आहे. पण ताटात मानाचं असं काय ठेवू? मला तूच आठवलीस. तुझी लावीची अंडी! सोलली की मोत्यासारखी पांढरी, आणि येणार कुठून तर दोन दिवसांच्या वाटेवरून, जिथे देंदेचं झाडसुद्धा नाही. पांढऱ्या मक्याच्या खिरीभोवती गोल मांडीन. माझ्या हातचं एक वेळ ती हुंगून बघेल, तुझ्या अंड्यांवर कोण संशय घेणार?

पाठवशील ना?

राइल्डा


बास्तोस
१६ जुलै

प्रिय राइल्डा,

तुझे दोन डबे पोचले, फार आभार. (अगं, खरंच आता पुरे.)

जेनिवालबरोबर पेटी पाठवते आहे. भाताच्या तुसात अंडी निमुळतं टोक खाली करून बसवली आहेत, पेटी आडवी करू देऊ नकोस. सगळी याच आठवड्याची आहेत. प्रत्येक लावीची नक्षी वेगळी असते हे तुला माहीत आहेच. ज्यांच्या अंड्यांवर मोठे तपकिरी डाग पडतात त्यांची कवचं जाड निघाली, म्हणून तीच निवडली. पाणी उकळल्यावर अलगद सोड, आणि लगेच गार पाण्यात टाक, म्हणजे सालं सरकन निघतील.

आणि एक गंमत आतमध्ये आहे. ती मी सांगत नाही. अर्धं कापलंस की कळेल, आणि माझी आठवण येईल.

त्या दिवशी सकाळी मी इथल्या चर्चमध्ये मेणबत्ती लावणार आहे.

तुझी,
हात्सुए


वालेन्सा
२५ जुलै

हात्सुए,

तुझ्या गमतीला आग लागो. थांब, सगळं सांगते, बस खाली.

भावांना पहाटेच मासेमारीला हाकललं. केस तीनदा धुतले. शेजारणीच्या पाया पडले, म्हटलं आजचा दिवस काही तळू नकोस. नारळाच्या दुधातला मासा, उकडलेलं सुरण, भात, पांढऱ्या मक्याची खीर, आणि तिच्या भोवती तुझी अंडी. माझं मलाच वाटेना की हे माझं टेबल! देवदूताच्या बारशाचं जेवण वाटत होतं.

दोना आमेरिना आली. पांढरा झगा, पांढरा फेटा, गळ्यात पांढऱ्या मण्यांची माळ. आधी मडक्यांची झाकणं उचलून हुंगली. मग बसली. मासा खाल्ला. दुसऱ्यांदा घेतला! जुसाराने टेबलाखालून माझा हात असा दाबला की अजून दुखतोय. मग तिने अंडं उचललं आणि अख्खं तोंडात टाकलं. मग दुसरं. मग तिसरं. म्हणाली, "ही कुठली? फार छान आहेत." मी तुझं नाव सांगितलं, माझी छाती ही एवढी फुगली. ती खातच राहिली.

आणि तो गाढव एव्हराल्दो! सासरी पहिलं जेवण, लाजून अंडं अर्धं चावलं आणि अर्धं ताटात ठेवलं.

आत भगवा रंग. नुसता पिवळा नाही गं, भगवा! आमच्या चौकातल्या कढईसारखा!

दोना आमेरिनाने ते अर्धं अंडं उचललं, नाकाशी नेलं.

"हे काय?"

"बलक आहे, दोना आमेरिना."

"बलक मी पाहिलेत. या पक्ष्यांना काय खायला घालतात?"

मी जराही अडखळले नाही. म्हटलं, "मका, सोयाबीन आणि संघाच्या साहेबाने सांगितलेलं सोयाचं तेल. माझी मैत्रीण शिस्तीची बाई आहे. तिच्या गावात देंदे असेल तर ते फक्त तिच्या पोटात!"

ती उठली. म्हणाली, "तिच्याकडून लिहून मागव. उत्तर माझ्यासमोर वाच. तोपर्यंत माझं होही नाही आणि नाहीही नाही." हात धुऊन गेली. जुसारा भांडी घासताना त्या पाण्यात रडत होती, आणि एव्हराल्दो अंगणात उभा राहून कुऱ्हाडीशिवाय लाकडं फोडता येतील का ते बघत होता.

तर बाई, तू फक्त खरं ते लिही. मोठ्या अक्षरात: मका, सोयाबीन, सोयाचं तेल. रंग गाजराने आला की झेंडूने आला तेही लिही. तुझ्या एका ओळीवर पोरीचं लग्न अडलंय. लवकर.

राइल्डा


बास्तोस
४ ऑगस्ट

राइल्डा,

या वेळी हवामानाचं लिहीत नाही.

तुला हवी होती ती ओळ मी लिहिली होती. मोठ्या अक्षरात लिहिली, पाकीट बंद केलं, तिकीट लावलं. मग टपालपेटीकडे जाता जाता वाटेत थांबले. जुसाराला हातावर घेऊन मी पाद्रीबाबांसमोर जे बोलले होते ते आठवलं. तिच्या संसाराच्या पायात माझं खोटं पुरायचं, आणि वर बसून लग्नाचा केक खायचा, हे माझ्याने होणार नाही. पाकीट परत आणून फाडलं.

खरं असं आहे. लाव्यांना घातलेलं तेल तुझं होतं.

पहिला डबा आला त्या संध्याकाळी मी तुझ्या तेलात मासा केला. शिगेओ गायले नाहीत. दुसरा सगळा दिवस आम्ही दोघं आळीपाळीने परसाकडे धावत होतो, आणि एकदा तर दाराशी भांडण झालं, आधी कोण. दोष तेलाचा नाही. आमची पोटं पांढऱ्या भाताची. पण तू घाण्यावर उभं राहून काढून घेतलेलं ते तेल. तुला 'सोसत नाही' असं कसं लिहू? आणि फेकून तरी कसं देऊ? माझ्या आईने आम्हाला भाताचं शीतसुद्धा टाकू दिलं नाही. तेवढ्यात नेल्सन म्हणाला, वनस्पतीचं तेल घाला. मला वाटलं, देवच बोलला.

लाव्यांना ते इतकं आवडलं की काय सांगू! आठवड्याभरात बलक केशरी झाले. नेल्सन म्हणतो, अंडी वाढायला सोयाचं तेलही तेवढंच चाललं असतं, रंग मात्र देंदेचाच. त्याचं बरोबर आहे. पण मला तो रंग बघून रोज तुझी आठवण यायची. तुझ्या पत्रातलं व्रताचं मी वाचलं होतं, राइल्डा, आणि तरी माझ्या डोक्यात आलं नाही. आम्ही पक्ष्यांना माशाची भुकटी घालतो, शिंपल्यांचा चुरा घालतो, आणि अंड्याला अंडंच म्हणतो. खाद्य ते खाद्य, अंडं ते अंडं, अशी माझी समजूत. दुसऱ्याच्या देवाच्या ताटात काय जातं हे विचारायला हवं होतं.

दोना आमेरिनांची मी मनापासून क्षमा मागते. तुझीही, त्या 'रोज घेतो'बद्दल.

हे पत्र वाचून दाखव, नाहीतर चुलीत घाल. तू त्या पोरीची आई आहेस, तू जे करशील ते मला मान्य आहे. माझ्यावर चीड, पण लिहिणं बंद करू नकोस.

हात्सुए


वालेन्सा
१७ ऑगस्ट

हात्सुए!

तीन डबे! लाव्यांना! मी चौकात उभी राहून जगाला सांगते की जपानी माणसं माझ्या तेलावर जगतात, आणि इकडे पाखरं पंगतीला बसलीत! एक शब्द लिहिला असतास की पोट बिघडलं, तर मी काय तुला फाशी दिली असती? माझा धाकटा भाऊ तर हसून हसून खुर्चीवरून पडला. पडू दे, तेवढीच त्याची हालचाल.

जुसारा म्हणाली, "आई, चुलीत घाल. सोयाचं तेल होतं असं सांग, कोण बघायला आलंय." मीही चुलीपर्यंत गेले, खोटं कशाला बोलू. पण मग डोळ्यासमोर आलं, ती बाई म्हातारपणी माझ्या हातचं जेवणार, आणि प्रत्येक घासाला मी तिच्याकडे बघून मनात म्हणणार, हिला एकदा फसवलं होतं. तो घास मलाच उतरला नसता.

मी सगळ्यात स्वच्छ झगा घातला आणि तिच्या अंगणात जाऊन उभी राहिले. पत्र पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. परसाकडचं भांडणसुद्धा. एव्हराल्दो रंध्याचं काम थांबवून ऐकत होता.

वाचून संपलं तसा तिने फेटा सारखा केला आणि त्यांच्या देवळाच्या पुजारणीकडे, मोठ्या आईकडे चालती झाली. त्याला आज पाच दिवस झाले. घरात कुणी जेवत नाही, माझे भाऊ सोडून.

तुझा मला भयंकर राग आलाय. तरी एक सांगते, तू ती मोठ्या अक्षरातली ओळ पाठवली असतीस तर मी ती ढोल वाजवून वाचली असती, आणि तू एकटीच ते ओझं घेऊन बसली असतीस. ते तू केलं नाहीस, बरं झालं.

जुसारासाठी प्रार्थना कर. मलाही आता दुसरं काही सुचत नाही.

राइल्डा


वालेन्सा
२९ ऑगस्ट

दोना हात्सुए,

आपली ओळख नाही. पण तुमची अंडी मी पोटभर खाल्ली आहेत, आणि तुमचं पोट बिघडल्याची हकीकत भर अंगणात ऐकली आहे, तेव्हा ओळख नाही असंही म्हणवत नाही.

मला गोड लिहिता येत नाही. मुद्द्याचं लिहिते.

मी आमच्या मोठ्या आईकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, नकळत घडलं, त्याला पानांच्या पाण्याची आंघोळ आणि पांढऱ्या मक्याचा नैवेद्य पुरे. दोन्ही झालं. मी विचारलं, पाखराच्या पोटातून आलेलं देंदे ते देंदेच का? त्या उलट मलाच म्हणाल्या, "आमेरिना, तुला ती अंडी आवडली होती का?" मी म्हटलं, हो, फार. "मग तुला छळतंय ते हेच," म्हणाल्या आणि हसत सुटल्या. माझ्या वयाच्या बाईवर असं हसणं शोभतं का, ते त्यांचं त्यांना माहीत.

व्रताचं ते झालं. आता लग्नाचं. राइल्डाच्या घरात देंदेशिवाय ताट वाढता येतं का, असं मी विचारलं होतं. मी चुकीचं विचारलं. माझा मुलगा ज्या घरी जाणार तिथे माझ्या पाठीमागेही माझं व्रत पाळलं जाईल का, ही माझी खरी धास्ती होती. एकटीने वाढवलाय तो, धास्ती वाटते. राइल्डाच्या घरात चूल होती आणि हातात तुमचं पत्र होतं. तिने ते चुलीत न घालता माझ्यासमोर उभं राहून वाचलं. आणि तुम्ही तिकडे, दोन दिवसांच्या वाटेवर, तुम्हाला कोण विचारणार होतं? मला आणखी कुठली परीक्षा घ्यायची नाही. काल मी जाऊन हो सांगितलं. राइल्डा इतक्या जोरात रडली की तिच्या कढईभोवतीची गिऱ्हाइकं पळाली. जुसाराने मला मिठी मारली. केसांना देंदेचा वास होता. मी मान वळवली नाही.

लग्न पंधरा ऑक्टोबरला, शनिवारी. धर्ममातेशिवाय होणार नाही, तेव्हा तुम्ही दोघांनी यायचंच. येताना अंडी आणा. माझ्यासाठी एक पिंजरा वेगळा ठेवा आणि त्याला त्या नेल्सनसाहेबांचं सोयाचं तेल घाला. बलक फिका असला तरी मला चालेल.

राइल्डा लग्नाच्या जेवणात देंदेचा पूर आणणार आहे, तिला कोण अडवणार. मी टेबलाचं एक टोक माझ्यासाठी राखून घेतलं आहे. भात, नारळाच्या दुधातला मासा, उकडलेलं सुरण. एकटीच बसणार होते. आता तुमच्या दोन खुर्च्या माझ्या शेजारी मांडायला सांगितल्या आहेत. तुम्ही तुमच्या पोटामुळे बसा, मी माझ्या देवामुळे बसते. आपल्या टोकाला एक थेंब येणार नाही, मी बघते.

आमेरिना